१६६ जागा

इजिप्तच्या २०११ च्या संसदीय निवडणुकीतला १६६ हा आकडा काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

मास्पेरो, मोहम्मद महमूद रस्ता, पुढे राबा... कैरोतल्या या जागी माणसं मारली गेली, त्यावर लिहायला बसलं की हात चालत नाही. राहू दे. आणि संताप येतोय तो कशावर, तर निवडणूक कायद्यातल्या एका कलमावर. कलम ५.

सप्टेंबर २०११ मध्ये, मुबारकची राजवट पडल्यावर सत्तेवर आलेल्या लष्करी परिषदेने वाटणी ठरवली: खालच्या सभागृहाच्या ४९८ पैकी ३३२ जागा पक्षांच्या याद्यांना, १६६ वैयक्तिक उमेदवारांना. कलम ५ सांगत होतं की या १६६ जागांवर पक्षाच्या माणसाने उभं राहायचं नाही. पक्ष खवळले. मुबारकच्या पक्षातले पैसेवाले अपक्ष म्हणून आत घुसतील, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती. बहिष्काराची धमकी झाली, १ ऑक्टोबरला परिषदेतले बडे सेनाधिकारी सामी अनान यांच्याकडे बैठक झाली, मुस्लिम ब्रदरहुडच्या पक्षाचे अध्यक्ष म्हणून मोर्सी तिथे होते. लष्कराने कलम मागे घेतलं. पक्षांनी जिंकल्यासारखं केलं.

आता हिशोब बघा. पक्षवाल्याला ३३२ मध्येही जागा आणि १६६ मध्येही. अपक्षाला फक्त १६६, त्यातही समोर पक्षाची सगळी यंत्रणा. समानता गेली. आणि हे काही कुणाला नव्याने सुचायचं नव्हतं. अपक्षांना पूर्ण बाहेर ठेवलं म्हणून १९८४ चं सभागृह १९८७ मध्ये गेलं. मग ४८ वैयक्तिक जागा काढल्या, पण त्यांवर पक्षवाल्यांनाही उभं राहू दिलं, म्हणून १९८७ चं सभागृह १९९० मध्ये गेलं. तोच मुद्दा, तेच सर्वोच्च घटना न्यायालय. ब्रदरहुडची माणसं १९८७ च्या त्या सभागृहात स्वतः बसलेली होती! मग २०११ मध्ये एकालाही आठवू नये? की आठवलं आणि गप्प बसले? लष्कराच्या कायदेपंडितांना तर नक्कीच आठवलं असणार. मला हेच पुन्हा पुन्हा खुपतंय.

मतदाराला मात्र केवढा व्याप. दोन मतपत्रिका. एकीवर यादीसमोर एक खूण, चिन्ह तराजूचं असो किंवा कंदिलाचं, ज्याला जे पटेल ते. दुसरीवर बरोब्बर दोन नावं. एक कमी किंवा एक जास्त झालं की मत बाद. निवडून येणाऱ्यांत निम्मे कामगार-शेतकरी हवेत, त्यामुळे पहिला-दुसरा कोण हे नुसत्या मतांवर ठरत नसे. तीन टप्पे, प्रत्येक टप्प्यात फेरमतदान. एवढं करून २३ जानेवारी २०१२ ला सभागृह बसलं आणि १४ जूनला न्यायालयाने एक तृतीयांश जागांच्या दोषापायी सगळंच रद्द केलं. अध्यक्षपदाच्या अंतिम फेरीला तेव्हा दोन दिवस उरले होते. १७ जूनला मतदान संपता संपता लष्कराने कायदे करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला.

कलम ५ म्हटलं की समोरचा जांभई देतो. उठावाच्या तहरीर चौकाचे फोटो सगळ्यांना पाठ असतात. असल्या बारकाव्यांत जीव घालणाऱ्यांच्या नशिबी शेवटी भिंतीशी बोलणंच येतं.

बरं, भिंत तर भिंत. तोवर अध्यक्ष झालेल्या मोर्सींचा २२ नोव्हेंबर २०१२ चा तो फर्मान-प्रकार आठवा. सगळे म्हणाले, मोर्सी नवे फॅरो झाले. झालेच होते, त्यात वाद नाही. पण त्या कागदावर घटनासमिती आणि शूरा परिषद (वरचं सभागृह) कुठल्याही न्यायालयाने बरखास्त करायची नाही असं लिहिलेलं आहे, आणि त्यामागची धडकी १४ जूनची आहे. आठ-दहा दिवसांत त्यांच्या समर्थकांनी घटना न्यायालयालाच वेढा घातला. न्यायाधीश परत गेले. तिथून पुढची घसरण थांबली नाही. आणि ३ जुलै २०१३ ला मोर्सींना हटवल्यावर लष्करप्रमुख सिसींनी हंगामी अध्यक्षपदी बसवलं कुणाला? त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांना. इथे मला खरंच हसू आलं. एवढी नेमकी फिरकी कुणी रचून लिहिली असती तर संपादकाने खोडली असती.

पुढचं तर फारच व्यवस्थित. मार्च २०१५ मध्ये न्यायालयाने मतदारसंघांचा कायदा सदोष ठरवला, पण या वेळी मतदानाच्या आधी. दुरुस्ती झाली, ऑक्टोबरमध्ये मतदान सुरू झालं. ४४८ वैयक्तिक, १२० याद्यांच्या, २८ अध्यक्षांनी नेमलेले. यादीला बहुमत मिळालं की त्या मतदारसंघातल्या सगळ्या जागा तिच्या. रांगा मात्र दिसेनात. तीस टक्केही लोक आले नाहीत. २०२० ला वाटणी २८४–२८४ केली. समानतेच्या अंगाने बघितलं तर आता कायद्यात बोट ठेवायला जागा शोधावी लागते, आणि शोधायची कुणाला गरजही पडत नाही.