खुर्चीवरची चिठ्ठी
१५ ऑगस्ट, रात्री

ट्रॉलीतल्या खुर्चीला माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. एवढंच झालं, आणि दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

पहाटे उठून इस्त्रीची पांढरी साडी नेसले, पायात कॅनव्हासचे बूट. १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला, तेव्हापासून झेंडावंदनाला पालकमंत्री येतात, पोलिसांचं संचलन असतं. पण प्रभातफेरी अजून आमची आहे. मुलींच्या लेझीम पथकापुढे शिट्टी घेऊन मी चालते. निवृत्त झाले तेव्हाही शिट्टी कुणी परत मागितली नाही.

आज बापू धावत आला. "बाई, तुमची व्यवस्था ट्रॅक्टरवर केलीय." व्यवस्था! केळीचे खांब बांधलेली ट्रॉली, तिरंगी पताका, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि वर बोर्ड, 'ज्येष्ठ मान्यवर'. मला वाटलं, ऐनवेळी सुचलं असेल पोरांना. पण चिठ्ठी होती ना. वहीचा कागद, सेलोटेप. म्हणजे आधी मीटिंग झाली, यादी निघाली, कुणीतरी म्हणालं की बाईंना आता चालवणार नाही, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोण म्हणालं असेल? वरून आत्याबाईंनी हात धरून ओढलं, "बठ व माय, आते कितलं चालशी!" चढायला स्टूल दिलं, ते तर त्याहून वाईट.

माणिक चौकात फेरी थांबली. ९ सप्टेंबर १९४२ ला अशाच फेरीवर इथे गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा, त्याच्यासह पाच जण गेले. दरवर्षी चालता चालता मुलींना सांगायचे मी हे. आज वर बसून त्यांची 'नहीं नमशे, नहीं नमशे', म्हणजे झेंडा झुकणार नाही, ही घोषणा म्हणायला गेले तर आवाजच फुटेना. बसून ती घोषणा देताच येत नाही. हे असते तर… जाऊ दे.

कोण म्हणालं असेल पण?

भारतमाता झालेली चिमुरडी माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती. पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट सारखा तिच्या डोळ्यांवर यायचा, म्हणून माझ्या अंबाड्यातली पिन काढून बसवून दिला. थोड्या वेळानं कानाशी आली, "आजी, शू." झालं! ट्रॅक्टर थांबवावा तर मागे अख्खी फेरी. मीच तिला घेऊन उतरले, स्टुलाबिगर, आणि ओळखीच्या एका घरात नेलं. बाहेर येतो तर ट्रॉली पार वळणावर. मग काय, भारतमाता पुढे, तिचा झेंडा घेऊन मी मागे, दोघी पळतोय. ओट्यांवरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच!

पोरीला वर दिलं. बापूनं मला हात दिला, मी म्हटलं, राहू दे. तशीच चालत राहिले, ऐटीत. शेवटच्या चढाला गुडघा बोलायला लागला तेव्हा गुपचूप जाऊन बसले खुर्चीत. पण आपणहून. आणि वरून गाव बरं दिसतं, उगीच कशाला खोटं लिहू.

संध्याकाळी बापू जिलेबी घेऊन आला. त्याला म्हटलं, पुढच्या मीटिंगला मलाही बोलवा, यादी मीच करते. तो हसला. सूनबाई नाही हसली, ताट उचलून आत गेली.

हं.