नऊवारी, सूर आणि सेन्सॉरची तारीख

शाळेपासूनच्या मित्राने पहिला सिनेमा केला. १९३०च्या सुमाराची नाटक कंपनी, तिच्यातली एक गायिका. डिसेंबरच्या सुरुवातीला कच्चं संकलन घेऊन तो आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरी आला. "जाहिरातीचा पैसा कुठे लावू? आणि राष्ट्रीय पुरस्काराची आशा आहे का? खरं सांग."

मी बरीच वर्षं मराठी सिनेमांची प्रसिद्धी करते. पहिल्यांदा बघून टिपणात लिहिलं: वेशभूषेला संधी. 'बालगंधर्व' सिनेमाला पार्श्वगायनाबरोबर रंगभूषा आणि वेशभूषेचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, ते डोक्यात होतं. मग शेजारच्या आजींना दाखवला. दहा मिनिटांत म्हणाल्या, "अगं, ही शिवलेली नऊवारी. नेसलेलीच्या निऱ्या चालताना हलतात. या बघ कशा एका जागी बसल्यात." ती ओळ मी खोडली. पोस्टरभर त्याच साड्या होत्या, आणि या सिनेमाला येणार त्या आजींसारख्याच बायका.

दुसऱ्यांदा हेडफोन लावून नुसता ऐकला. गायिकेचा आवाज अस्सल होता, पण पार्श्वसंगीताखाली दबलेला. 'बालगंधर्व'साठी आनंद भाटे, 'कट्यार काळजात घुसली'साठी महेश काळे, 'मी वसंतराव'साठी राहुल देशपांडे, तिघांनाही पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार. गायकांच्या जुन्या काळावरचे हे मराठी सिनेमे परीक्षकांनी आधी कानाने जोखले, असं मला ठामपणे वाटतं.

मित्राला मात्र ३१ डिसेंबरच्या आत सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं होतं, "हे वर्ष हुकायला नको" म्हणून. मी त्याला बसवून समजावलं. राष्ट्रीय पुरस्कारासाठी वर्ष धरतात ते प्रमाणपत्राच्या तारखेवरून, प्रदर्शनाच्या नाही. 'मी वसंतराव' पडद्यावर आला एप्रिल २०२२मध्ये, पुरस्कार मिळाला २०२०च्या सिनेमांत. मग आवाज आणि संगीत जुळवायचं मिक्सिंग अर्धवट ठेवून घाई कशाला? जानेवारीत प्रमाणपत्र घे, पूर्ण वर्ष तुझंच आहे.

"व्याज चढतंय गं," तो म्हणाला. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाबाहेर दुपारचा प्रयोग सुटताना उभी राहिले. लोकांना ट्रेलर दाखवला नाही, मिनिटभर गाणं ऐकवलं. एका काकांनी दोनदा ऐकलं आणि विचारलं, "शो कितीला?" जवळपास प्रत्येकाने हेच विचारलं. रात्री साडेदहाच्या शोला यांतलं कोणी येणार नाही. म्हणून टिपणात शेवटी लिहिलं: होर्डिंग निम्मी कर, तो पैसा मिक्सिंगला दे. ट्रेलरच्या आधी गाणं सोड. स्क्रीन कमी चालतील, पण वितरकाकडून दुपारी चारचा शो मागून घे.

तीन दिवस त्याचा फोन आला नाही. चौथ्या दिवशी आला तो स्टुडिओतून, मिक्सिंग पुन्हा सुरू केलं होतं. पोस्टरचा फोटोही नव्याने काढला. त्या दिवशी नायिकेला नऊवारी आजींनी नेसवली.