आमची वाटचाल : महालातून बेसा-बेलतरोडीपर्यंत

बाबा मूळचे मिस्त्री. सत्तरच्या दशकात नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांची दुरुस्ती करायचे, कुठं चुन्याचा गिलावा पडला तो भरून द्या, कुठं सागवानी खांब खालून कुजला तर तेवढाच बदला, अशी बारीक कामं. सिमेंट तेव्हा परमिटवर, त्यामुळे पोतं न् पोतं जपून वापरायचे. १९८२ मधे कंट्रोल थोडं सैल झालं आणि १९८९ मधे पूर्ण उठलं, त्याच मधल्या काळात बाबांनी स्वतःच्या नावावर ठेके घेणं सुरू केलं. हिशोबाची वही आईकडे आणि मजुरांचा चुकारा दर आठवड्याला आमच्या ओसरीवर, त्यात कधी खाडा नाही.

शहर दक्षिणेकडे पसरत होतं. मानेवाडा, नरेंद्र नगर, मग मनीष नगर, बेसा. सगळी शेतं होती हो, आणि शेत म्हणजे काळी माती. ही माती कापसाला सोनं आहे पण घराला वैरी, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरवर पाया घेतला की दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, फरशी खचते, दारं अडकतात, मग माणूस पुट्टी-पेंट करत बसतो आणि चीर पुन्हा तिथंच येते.

बेस्यातलं एक काम मला नीट आठवतं. पाच फुटांवर प्लॉटमालक म्हणाले, भाऊ आता पुरे, बजेट चाललं माझं. बाबा काही बोलले नाहीत, सब्बल (पहार) घेऊन खड्ड्यात उतरले. मारली तर सब्बल मातीत रुतूनच बसली, आवाज नाही काही नाही. आणखी खोदायला लावलं, सातव्या फुटाच्या पुढं पिवळट मुरूम लागला, सब्बल ठणकन वाजली. बाबांनी मुरुमाचं एक ढेकूळ वर आणून मालकांच्या हातात दिलं अन् म्हणाले, "भाऊ, घर याच्यावर बसते, त्या काळ्यावर नाही." ते घर आजही बिनचिरेचं आहे आणि त्यांच्या मुलाचं वरच्या मजल्याचं कामही आम्हीच केलं.

मी आणि लहान भाऊ धंद्यात आलो तेव्हा कागदपत्रांचं काम वाढलं होतं. गुंठेवारीचा, म्हणजे शेताचे तुकडे पाडून विकलेले बिनपरवाना प्लॉट नियमित करायचा कायदा २००१ चा, त्यानंतर आमच्याकडे कोणी प्लॉट घेऊन आलं की पहिला प्रश्न एकच, आरएल आहे का? आरएल म्हणजे एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) रेग्युलरायझेशन लेटर, प्लॉट नियमित झाल्याचं पत्र. ते नसेल तर बँक लोन देत नाही, नकाशा मंजूर होत नाही, आणि लोकांनी तर आयुष्याची कमाई टाकलेली असते. मग भाऊ त्यांच्यासोबत डिमांड नोट (शुल्काची मागणी) भरण्यापासून सगळीकडे फिरतो. त्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

विमानतळाजवळ मिहान हा मोठा उद्योग प्रकल्प आला, वर्धा रोडचे भाव चढले, २०१९ मधे मेट्रो खापरीपासून सीताबर्डीला धावायला लागली आणि आम्हीही घरांवरून छोट्या फ्लॅट स्कीमकडे वळलो. २०१७ मधे मे महिन्यात रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) अन् जुलैत जीएसटी, दोन्ही एकाच वर्षी, बरेच छोटे बिल्डर गडबडले. माझं मत स्पष्ट आहे, रेरा चांगलाच झाला, ग्राहकाचा पैसा दुसऱ्या स्कीममधे फिरवायची सवय त्याने मोडली. २०२० च्या लॉकडाऊनमधे बालाघाट-शिवनीचे मजूर साइटवर अडकले, त्यांचं राशन आम्ही बंद पडू दिलं नाही. तीच माणसं आज आमच्याकडे सेंट्रिंगचे ठेकेदार आहेत.

एक गोष्ट मात्र बदलली नाही आणि बदलू देणारही नाही, ती म्हणजे तराई, काँक्रीट पक्कं होईपर्यंत त्याला पाणी देत राहणं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अशा उन्हात भर दुपारी स्लॅब टाकला तर काँक्रीट जमायच्या आधीच पाणी उडून जातं. म्हणून आम्ही संध्याकाळी सुरू करतो, सकाळी आळे बांधून पाणी भरतो आणि कॉलमला ओलं बारदान गुंडाळतो. कन्हानची रेती महागली, विटा आता कोळशाच्या राखेच्या, म्हणजे फ्लाय अॅशच्या, जिथं एम-सँड (दगड दळून केलेली रेती) वापरायची तिथं वापरतो, पण पाणी मारायला ठेवलेला माणूस मी कधी कमी केला नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हापासून लोक टाइल्सच्या आधी प्लिंथ (जोतं) किती उंच घेणार ते विचारतात. बरं वाटतं ऐकून. आम्ही रस्त्याची लेव्हल बघूनच प्लिंथ ठरवतो, कारण दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो अन् घर खाली राहतं.

बाबा आता साइटवर कमी येतात. पुतणी सिव्हिल इंजिनिअर झाली, माती परीक्षण करून घेतल्याशिवाय ती डिझाइनला हात लावत नाही. कोटेशनमधे पायाचा खर्च आम्ही वेगळा लिहितो, मुरूम जिथं लागेल तिथपर्यंतच्या फुटाच्या हिशोबाने, आणि खड्डा भरायच्या आधी मालकांना बोलावून दाखवतो. बेलतरोडीच्या नव्या स्कीमचं खोदकाम सध्या सुरू आहे, बघायचं असेल तर सकाळी आठनंतर कधीही या.