हाताऐवजी बटाटा

आमची किटली हात ठेवल्याशिवाय पाणी तापवत नसे. बिघाड नव्हता तो. चार महिने खपून आम्ही ती मुद्दाम तशी बनवली होती. बैठकीवर लाकडाची पातळ चकती, तिच्याखाली टच सेन्सर. तळहात टेकवला की पिवळा दिवा लागायचा, कॉइल सुरू. हात उचलला की बंद. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला साधारण ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. १,५०० वॅटच्या कॉइलला हिशेबाने साडेतीन मिनिटं, प्रत्यक्षात चारेक. तेवढा वेळ माणसानं किटलीपाशी थांबावं, फोन बाजूला ठेवावा, पाण्याकडे लक्ष द्यावं, एवढीच कल्पना.

विकायची नव्हतीच ती. स्पेक्युलेटिव्ह डिझाइनमधली वस्तू दुकानासाठी नसते. ‘असं असतं तर?’ हा प्रश्न लोकांच्या हातात ठेवता यावा म्हणून ती बनवतात. अँथनी डन आणि फिओना राबी या डिझायनर जोडीनं २००१ मध्ये अशा आठ वस्तू लोकांच्या घरी राहायला पाठवल्या होत्या. त्यातल्या एका टेबलात होकायंत्रं बसवलेली होती. वर लॅपटॉप वगैरे ठेवला की सुया हलायच्या, बस. मला ते टेबल फार आवडतं. कुणाला काही शिकवायला जात नाही ते.

चाचणी स्टुडिओतल्याच स्वयंपाकघरात होती. आधीचे पाच जण शहाण्यासारखे हात ठेवून उभे राहिले आणि ‘शांत वाटलं’ म्हणाले. मी तेही लिहून घेतलं. (वह्या घेतलेली तीन माणसं समोर बसलेली असताना कुणालाही शांतच वाटतं.)

सहाव्या एक काकू होत्या, साठीच्या. त्यांना सांगितलं, घरी करता तसंच करा. बटाटे चिरा, पाणी उकळायला ठेवा.

त्यांनी हात ठेवला, दिवा लागला. हात काढला, विझला. पुन्हा ठेवला.

“म्हणजे मी इथंच उभं राहायचं?”

“हो काकू. चारच मिनिटं.”

“आणि बटाटे कोण चिरणार?”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनाही नकोच होतं बहुतेक. त्यांनी चकतीवर चमचा ठेवून पाहिला. काही नाही. मिठाची बरणी ठेवली. काही नाही. मग अर्धा चिरलेला बटाटा उचलला, ओली बाजू खाली करून चकतीवर दाबला आणि घरंगळू नये म्हणून किटलीच्या स्टीलच्या अंगाला टेकवला. दिवा लागला. काकूंनी सुरी उचलली.

माझ्या शेजारी बसलेल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या सहकाऱ्यानं कपाळाला हात लावला. तसला सेन्सर काही माणूस ओळखत नाही; जवळ आलेल्या ओल्या वस्तूनं विद्युतक्षेत्रात पडणारा फरक तेवढा ओळखतो. बटाटा बहुतांशी पाणीच, वर तो अर्थिंग केलेल्या स्टीलला टेकलेला. सेन्सरच्या लेखी तो उत्तम हात होता.

मी टोकलं. “काकू, पाण्याकडे लक्ष राहावं म्हणून ते केलंय.”

“आहे की लक्ष.” त्यांची पाठ किटलीकडे होती.

किटली गुरगुरायला लागली. तळाशी होणारे वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरले की फुटून मिटतात. त्याचाच तो आवाज. तो चढत गेला. आम्ही तिघंही तापमानाचा आलेख बघत होतो. मधेच आवाज एकदम बसला. काकूंनी सुरी खाली ठेवली, वळल्या, बटाटा उचलला. आकडा ९८ होता. झाकण उघडलं तर पाणी खळखळत होतं. उकळीच्या आधी किटली गप्प होते, कारण सगळंच पाणी तापलेलं असल्यामुळे बुडबुडे वाटेत मिटत नाहीत. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. चार महिन्यांत शेकडो वेळा पाणी उकळूनही ऐकलं मात्र नव्हतं, स्टुडिओतला एक्झॉस्ट फॅन त्या दिवशी योगायोगानं बंद होता म्हणून ऐकू आलं.

“हात अडकवला की लक्ष लागतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?” काकूंनी विचारलं. रागानं नाही, खरंच कुतूहलानं.

संध्याकाळी बैठकीत भांडण झालं. वरिष्ठांचं म्हणणं, पळवाट बुजवा. चकतीला नाडीचे ठोके मोजणारा सेन्सर लावा, बटाट्याला नाडी नसते. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच. मी अडून बसले. वास्तुकार मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्ट किचन हे आटोपशीर स्वयंपाकघर आखलं ते बाईची पावलं नि मिनिटं मोजून, १.९ बाय ३.४ मीटरच्या जागेत. आपण तेव्हा स्वयंपाक करत नव्हतो, असं त्यांनीच पुढे सांगितलं होतं. तरी त्यांनी बाईची मिनिटं वाचवली. आम्ही, दुपारचा डबा बाहेरून मागवणारे तिघं, तीच मिनिटं परत मागत होतो, वर त्याला सजगता म्हणत होतो. मी हे एवढ्या नेमकेपणानं बोलले नाही. बराचसा आवाजच चढवला. आता वाटतं, वरिष्ठांनाही ते पटलं नव्हतं, फक्त घरी जायची वेळ झाली होती.

नाडीचा सेन्सर लागला नाही. प्रदर्शनात किटली मांडली ती चकतीवर अर्धा बटाटा ठेवूनच, शेजारी सुरी आणि फळी. माहितीच्या पाटीत मला काकूंचा प्रश्न हवा होता. तो नको, लोक हसतील, असं ठरलं. लोक तसेही हसले.

एक अडचण कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. कापलेला बटाटा वाळत जातो, वरून आक्रसतो, आणि दुपारपर्यंत सेन्सर त्याला हात मानेनासा होतो. दिवा विझायचा, पाणी अर्धवट तापून थांबायचं आणि काउंटरवरून फोन यायचा. शेवटी सकाळी दहा आणि दुपारी दोन अशा पाळ्या लावल्या. माझी दुपारची होती.