उभ्या चौकटीसाठी बॅटरी ग्रिप

लग्नात छायाचित्रे काढणाऱ्याच्या कॅमेऱ्याखाली बॅटरी ग्रिप, म्हणजे तळाला जोडायची, बॅटरीसह येणारी जादा मूठ, दिसली, की दिवसभर बॅटरी पुरावी म्हणून ती लावली आहे असे बहुतेकांना वाटते. नावावरून तसा समज होणे स्वाभाविक आहे. मी वापरते त्या निकॉन डी७५० या कॅमेऱ्यापुरते बोलायचे, तर त्याच्या एका ईएन-ईएल१५ बॅटरीवर प्रमाणित चाचणीनुसार सुमारे १२३० छायाचित्रे निघतात आणि खिशातली दुसरी बॅटरी घालायला अर्धा मिनिटही लागत नाही. केवळ तेवढ्या सोयीसाठी हातातले ओझे वाढवणे मला पटत नाही. ग्रिपचे खरे मोल कॅमेरा उभा धरल्यावर कळते.

कॅमेरा आडवा धरलेला असतो तेव्हा दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकलेली असतात आणि शरीराचाच आधार कॅमेऱ्याला मिळतो. तोच कॅमेरा उभा केला, की उजवा हात कपाळाच्या वर जातो, कोपर हवेत लोंबकळते, मनगट पिळले जाते आणि सगळा भार एकट्या डाव्या तळव्यावर येतो. दोन-चार चित्रांपुरते हे चालून जाते. पण अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंत सलग उभ्या चौकटी घ्यायच्या असतील, तर खांदा भरून येतो आणि मंगल कार्यालयाच्या मंद उजेडात शटरचा वेग १/६० सेकंदापर्यंत खाली आणलेला असताना त्या थकलेल्या हाताची थरथर थेट चित्रात उतरते. शिवाय गर्दीत वर उचललेले कोपर शेजारच्या माणसाला लागते, ही अडचणही लहान नाही. ग्रिपच्या कोपऱ्यावर दुसरे शटर बटण असते. त्यामुळे उभा कॅमेरा धरतानाही उजवा हात खालीच राहतो, कोपर पुन्हा बरगडीला टेकते आणि श्वास रोखून बटण दाबता येते. नऊवारी नेसलेली नवरी मुंडावळ्यांपासून जोडव्यांपर्यंत एका चौकटीत घ्यायची असो किंवा आषाढीच्या वाटेवर डोक्यावर तुळशी वृंदावन घेऊन चालणारी वारकरी स्त्री असो, आपल्याकडची कितीतरी चित्रे मुळात उभीच असतात.

डी७५० साठी निकॉनने काढलेल्या एमबी-डी१६ या ग्रिपवर शटर बटणाबरोबरच मापे बदलण्याच्या दोन्ही डायल, फोकसचा बिंदू हलवण्याचे बटण आणि प्रकाशमापन व फोकस आहे तिथेच धरून ठेवणारे एई-एल/एएफ-एल हे बटणही आहे. हे शेवटचे बटण मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण मेनूमध्ये जाऊन त्याला फोकस सुरू करण्याचे काम नेमून देता येते. कॅमेऱ्यावरच्या त्याच बटणालाही तेच काम दिले, म्हणजे आडव्यावरून उभ्यावर जाताना अंगठ्याची सवय मोडत नाही. शटर बटणाभोवती ते बंद-चालू करणारी एक छोटी कडीही असते. कॅमेरा गळ्यात अडकवून चालताना ती बंद करून ठेवावी, नाहीतर कमरेचा धक्का लागून बटण दाबले जाते.

बटणे असलेली आणि नुसत्या बॅटऱ्या घेणारी ग्रिप यांत किती अंतर पडते, हे निकॉनच्याच पुढच्या वाटचालीत दिसले. आरसा नसलेल्या झेड६ आणि झेड७ या कॅमेऱ्यांसाठी आलेल्या एमबी-एन१० मध्ये दोन बॅटऱ्या बसत, पण उभ्या चौकटीसाठी शटर बटणच नव्हते. त्यांच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी काढलेल्या एमबी-एन११ मध्ये ते बटण आले. माझ्या मते पहिलीला बॅटरीचा डबाच म्हणायला हवे. मात्र चांगल्या ग्रिपकडूनही एक अपेक्षा ठेवू नये : कॅमेरा उभा केला, की त्यावर बसवलेला फ्लॅश बाजूला वळतो आणि भिंतीवर सावली पडते. त्यावर ग्रिपचा उपाय चालत नाही. फ्लॅशचे डोके फिरवून प्रकाश छतावर टाकावा लागतो.

आता बॅटरीविषयी. कॅननच्या ५डी मालिकेत ग्रिपचा एक भाग कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या कप्प्यात शिरतो. त्यासाठी कप्प्याचे झाकण काढावे लागते आणि दोन्ही बॅटऱ्या ग्रिपमध्ये जातात. निकॉन डी७५० मध्ये कॅमेऱ्याची बॅटरी आतच राहते आणि ग्रिपमध्ये दुसरी बसते, परंतु ग्रिप लावल्यावर आतल्या बॅटरीचे झाकण उघडता येत नाही. म्हणून मेनूतला बॅटरीच्या क्रमाचा पर्याय नीट पाहून ठेवावा. ग्रिपमधली बॅटरी आधी वापरण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर ती संपल्यावर कॅमेरा आतल्या बॅटरीवर चालू लागतो आणि बाजूचा कप्पा ओढून नवी बॅटरी घालता येते. क्रम उलटा ठेवला, तर आतली रिकामी बॅटरी बदलण्यासाठी भर कार्यक्रमात संपूर्ण ग्रिप सोडवावी लागते. मेनूमध्ये बॅटरीची माहिती उघडल्यास तिचा उरलेला भार, त्या भारावर काढलेल्या छायाचित्रांची संख्या आणि ० ते ४ या श्रेणीतले तिचे वय दिसते. वय ४ झालेली बॅटरी मी कामावर नेत नाही.

एमबी-डी१६ मध्ये सहा पेन्सिल सेलही चालतात. खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळणारी ही वस्तू अडचणीत उपयोगी पडते खरी, पण कोणत्या प्रकारचे सेल घातले आहेत ते मेनूत सांगावे लागते, नाहीतर उरलेल्या भाराचा अंदाज चुकतो. साधे अल्कलाइन सेल थंडीत फार लवकर मान टाकतात. २० अंशांच्या खाली पेन्सिल सेलची क्षमता झपाट्याने घटते, असा इशारा निकॉनच्या पुस्तिकांमध्येच आहे. पुन्हा भारित करता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल त्यांच्यापेक्षा पुष्कळ बरे.

ग्रिपमुळे कॅमेऱ्याचा वेग वाढतो हे सरसकट खरे नाही. निकॉनचा डी७०० हा कॅमेरा एमबी-डी१० ग्रिप लावून सेकंदाला ५ ऐवजी ८ चित्रे घेतो आणि डी८५० हा एमबी-डी१८ लावून ७ ऐवजी ९ घेतो, पण त्यासाठी ग्रिपमधून अधिक व्होल्टची वीज मिळावी लागते; डी८५० च्या बाबतीत ईएन-ईएल१८ जातीची बॅटरी ग्रिपमध्ये घालावी लागते. नेहमीची ईएन-ईएल१५ घालून हा लाभ मिळत नाही. आरसा आणि शटर इतक्या झपाट्याने हलवण्यासाठी मोटरला अधिक व्होल्टची वीज लागते. डी७५० मात्र ग्रिपसह आणि ग्रिपशिवाय साडेसहाच चित्रे घेतो.

वजनाचा हिशेब भिंगावर ठरतो. १५४० ग्रॅमच्या ७०-२०० मिमी एफ/२.८ भिंगापुढे ७५० ग्रॅमचा कॅमेरा हलका पडतो आणि तोंडाकडून खाली झुकतो. ग्रिपमुळे तोल सावरतो आणि एरवी अधांतरी राहणाऱ्या करंगळीलाही जागा मिळते. १८५ ग्रॅमचे ५० मिमी एफ/१.८ भिंग लावून वाड्यांच्या गल्ल्यांतून फिरायचे असेल, तर ग्रिप घरी ठेवावी. सह्याद्रीत चढताना आणि तिपाईवर शटर बराच वेळ उघडे ठेवून चित्र घेतानाही मी ती काढून ठेवते, कारण तिपाईच्या छिद्रातल्या एकाच स्क्रूवर पेललेला तो सांधा वाऱ्यात किंचित हलतो. काढल्यावर कॅमेऱ्याच्या तळाच्या, ग्रिपला विजेने जोडणाऱ्या संपर्कबिंदूंवर त्यांचे रबरी झाकण आठवणीने परत बसवावे. ते ठेवण्यासाठी ग्रिपमध्येच जागा केलेली आहे. पावसाळ्यात तर या झाकणाकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

आता डी७५० साठी ग्रिप शोधणाऱ्याला बहुधा वापरलेलीच घ्यावी लागेल. ती घेताना कॅमेरा सोबत न्यावा आणि जोडून पाहावी. बटण अर्धे दाबल्यावर फोकस लागतो का, दोन्ही डायल एकेक टप्पा न चुकवता फिरतात का आणि ग्रिप कॅमेऱ्याला घट्ट करणारे चाक पूर्ण आवळल्यावर सांधा डुगडुगतो का, हे तपासावे. पेन्सिल सेलचा कप्पा उघडून धातूच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर दिसतो का तेही पाहावे, कारण गळलेल्या सेलमुळे खराब झालेल्या पट्ट्या पुन्हा भरवशाच्या होत नाहीत. आणि दुसऱ्या बॅटरीबरोबर दुसरा चार्जरही घ्यावा : निकॉनचा एमएच-२५ एका वेळी एकच बॅटरी भारित करतो आणि रिकाम्या बॅटरीला सुमारे २ तास ३५ मिनिटे घेतो.