त्सुचिनशान-ॲटलास, आंजर्ल्याहून: दिवाळीपर्यंतचं काम

सी/2023 ए3, म्हणजे त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू, 2024 च्या दिवाळीपर्यंत झपाट्याने फिका पडला. त्यामुळे नवीन फ्रेम घेणं थांबवलंय आणि घेतलेल्या एकावर एक जुळवत बसलोय. इथवर काय जमलं आणि काय बाकी आहे ते लिहून ठेवतो. किनाऱ्यावरून चित्रण करणाऱ्यांना पुढच्या धूमकेतूला उपयोगी पडेल.

सप्टेंबरअखेर तो पहाटे पूर्वेला होता. 27 सप्टेंबरला सूर्यापासून सर्वांत जवळ आला, 0.39 खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर). पण कोकणात पहाटेचा धूमकेतू म्हणजे अवघडच. पूर्वेला डोंगर, आणि त्यांच्या माथ्यावर परतीच्या पावसाचे ढग ठाण मांडून बसलेले. 2020 च्या जुलैत निओवाइज धूमकेतू आला तेव्हा तर आख्खा आषाढ आभाळ बंद होतं. या वेळी मात्र 12 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला, सुमारे 7 कोटी किलोमीटरवर, आणि संध्याकाळच्या पश्चिमेला निघाला. पश्चिमेला आपल्यापुढे समुद्र आहे. क्षितिजापर्यंत ना झाड, ना इमारत. घाटावरच्या मित्रांना हे मिळत नाही.

त्याआधी 7 ते 11 ऑक्टोबर तो सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या लास्को सी3 कॅमेऱ्याच्या चित्रांत दिसत होता. धूळ आपल्या आणि सूर्याच्या मध्ये आली की तिच्यावरून पुढे विखुरलेला प्रकाश थेट आपल्याकडे येतो, म्हणून 9 तारखेच्या आसपास तो सर्वांत तेजस्वी झाला. ती चित्रं घरी बसून पाहताना लेन्स पुसायला घेतली ती त्यामुळेच.

जागा दोन वापरल्या. एक पुळण, दुसरी वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. पुळणीवर तिपाई रुतते. पायांखाली जांभ्याचे सपाट तुकडे ठेवले की काम भागतं, पण समुद्राचा खारा तुषार लेन्सवर बसतो तो बसतोच. सड्यावर कातळ पक्का, वारा मोकळा, आणि मुख्य म्हणजे उत्तर उघडी. आपल्या अक्षांशावर ध्रुव जेमतेम 17-18 अंशांवर असतो. पुळणीवरून तो टेकडीआड जातो. माझं मत सांगायचं तर ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, त्याचा अक्ष ध्रुवाकडे लावावा लागतो) लावायचा असेल तर सड्यालाच जावं.

ध्रुव दिसत नसेल तरी अडत नाही. फोनच्या होकायंत्रावर आणि कोनमापकावर ट्रॅकरचा अक्ष लावला. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्याकडे एका अंशाहून कमी फरक आहे, ही मोठी सोय. अक्ष एक अंशाने चुकला तरी 20 सेकंदांत तारा जास्तीत जास्त 5 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकतो. माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल 4 मायक्रॉनचा, 135 मिमी लेन्सवर एक पिक्सेल म्हणजे 6 विकला. म्हणजे तारा पिक्सेलभरही हलत नाही. धूमकेतूचंही तेच. 14-15 तारखेला तो ताऱ्यांमधून दिवसाला 5 अंशांच्या आसपास पळत होता, म्हणजे मिनिटाला 12 विकला. 20 सेकंदांची फ्रेम 135 वर सुरक्षित आहे. 480 मिमीच्या टेलिस्कोपवर तेवढ्यात दोन-अडीच पिक्सेलांची रेघ होते, तिथे 8 सेकंदांवर उतरलो.

टेलिस्कोपबद्दल स्पष्टच लिहितो. या धूमकेतूसाठी तो दुय्यम आहे. 480 मिमीवर माझ्या क्रॉप सेन्सरची चौकट पावणेतीन अंशांची, आणि पिसारा दहा अंशांच्या पुढे गेलेला. टेलिस्कोपमधून नुसतं डोकं येतं. ते सुंदर येतं, पण हा धूमकेतू पिसाऱ्याचा होता. 135 मिमीवर साडेनऊ अंश मावतात, 50 मिमीवर पंचवीस. पिसारा पुरा हवा असेल तर 50 मिमी, एफ/2.8 हीच माझी पहिली निवड राहील.

सर्वांत चांगली संध्याकाळ 14 तारखेची. सूर्य सव्वासहाच्या सुमारास बुडाला. सह्याद्रीकडे विजा चमकत होत्या, समुद्रावर मात्र आभाळ धुतलेलं. शुक्र आधी दिसला, मग स्वाती, आणि दोघांच्या मध्ये, केशरी पट्ट्याच्या जरा वर, धूमकेतू. सुरुवातीला आयएसओ 400 आणि 2 सेकंद, अंधार वाढला तसं आयएसओ 1600 आणि 20 सेकंद. शेजारचे तात्या द्विनेत्री घेऊन उभे होते. म्हणाले, "अरे, सत्त्याण्णवचा हेल-बॉप ह्याच्यापेक्षा मोठा होता. पण ह्याची शेपटी बघ केवढी लांब गेलीय!"

त्याच फ्रेममध्ये प्रतिपुच्छ आलंय. पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीतून जात होती, त्यामुळे कक्षेत मागे राहिलेली जड धूळ आपल्याला कडेने दिसत होती. डोक्याच्या खाली, सूर्याच्या दिशेला, सुईसारखी बारीक रेघ. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फ्रेम मोठी केल्यावर ती दिसली तेव्हा तात्यांना हाक मारली. द्विनेत्रीतून काही दिसली नाही. चंद्र वर होता, पौर्णिमा तीन दिवसांवर.

15 तारखेला तो एम 5 या तारकागुच्छाशेजारून गेला. 16 तारखेला कोजागरी. सड्यावर दूध आटत असताना पोराबाळांना द्विनेत्रीतून दाखवला, चित्रण केलं नाही. खरा अंधार मिळाला तो 20 तारखेनंतर. संधिप्रकाश संपून चंद्र उगवेपर्यंत तासाभराची सवड, आणि धूमकेतू भुजंगधारीत बराच वर गेलेला. उंचीचा फरक फार पडतो. क्षितिजापासून 10 अंशांवर प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा साडेपाच पट जाड हवेतून येतो, 30 अंशांवर फक्त दुप्पट. आपल्याकडे ती हवा दमट आणि मिठाने भरलेली. तोवर धूमकेतू फिका झाला होता, तरीही या दिवसांतला पिसारा आधीच्यापेक्षा खोल उतरलाय.

दव पडायला साडेसात वाजता सुरुवात होते. पॉवर बँकेवर चालणारी हीटर पट्टी लेन्सभोवती गुंडाळली, अगदी मंद. घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने तिपाई पुसायची, कॅमेरा सिलिका जेलच्या डब्यात. कंटाळा येतो, पण न केल्यास पावसाळ्यानंतर बुरशीच हाताला लागते.

जुळवणी सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये चाललीय. एकदा तारे धरून, एकदा डोकं धरून, आणि मग दोन्ही एकत्र. तारे धरले की डोकं ओघळतं, डोकं धरलं की ताऱ्यांच्या रेघा होतात, त्यामुळे ताऱ्यांशिवायची धूमकेतूची प्रत वेगळी करावी लागते. खरी कसरत पार्श्वभूमीची आहे. खालून संधिप्रकाश, डावीकडून हर्णै बंदराचा उजेड, वर चंद्र, तिन्हींच्या उजेडाचे उतार तीन दिशांना. सॉफ्टवेअर तो उतार काढताना पिसाऱ्याची फिकी टोकंही खाऊन टाकतं. म्हणून नमुन्याचे ठिपके हाताने ठेवतोय, पिसाऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन अंश जागा सोडून. फ्लॅट, म्हणजे सारख्या उजेडावर घेतलेल्या दुरुस्तीच्या फ्रेम, नीट असल्याशिवाय यातलं काही जमत नाही. पांढऱ्या सुती कापडातून संध्याकाळच्या आभाळाचे घेतलेले फ्लॅट चांगले निघाले.

480 मिमीच्या फ्रेमवर लार्सन-सेकानिना फिल्टर, म्हणजे डोक्याभोवतीची बारीक रचना उठावदार करणारी प्रक्रिया, लावून पाहिला. डोक्याभोवती काही रचना दिसते, पण फ्रेम फार खालच्या उंचीवरच्या आहेत आणि हवेच्या थरथरीने आलेला दोष कुठला, खरी रचना कुठली, हे सांगता येईना. ते चित्र कुणाला दाखवणार नाही.

आता 14 तारखेचं प्रतिपुच्छ आणि 20 नंतरचा पिसारा अशी दोन चित्रं पूर्ण करायची. 50 मिमीच्या फ्रेमचा उतार निघाला की मग 135 कडे वळेन.