मुंज्याची सोडमुंज

बडोद्याला दांडिया बाजारात मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठी मुलांसाठी कथालेखनाचे शिबिर घेते. नऊ ते बारा वर्षांची ही मुले शाळेत गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि मराठी फक्त घरी बोलतात. त्यामुळे मराठीत लिहायला ती बिचकतात, मात्र मराठीत भांडायला मुळीच बिचकत नाहीत. यंदा सर्वांनी मिळून एकच गोष्ट रचायची होती. चार मुले एका रात्रीत बडोद्यात मोकाट सुटलेल्या भुतांशी लढतात, आणि गोष्ट विनोदीच हवी, हा मुलांचा आग्रह होता.

प्रथम विश्वामित्री नदीतल्या मायावी मगरीचे नाव निघाले. तिला पळवून लावण्याच्या एकेक युक्त्या सुचत होत्या, तेवढ्यात एक मुलगा म्हणाला की ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्यांच्या गल्लीत खरीच मगर शिरली होती आणि आजी रात्रभर दाराशी बसून होती. मगर तिथेच बाद झाली. मुलांनी आपणहून घेतलेला हा निर्णय मला फार योग्य वाटला.

मग चकव्याची पाळी आली. वाटसरूला एकाच जागी गरगर फिरवणाऱ्या या भुताला मांडवीइतकी सोयीची जागा शहरात दुसरी नाही, कारण ती चौकोनी इमारत चारही अंगांनी सारखीच दिसते आणि तिथून फुटणारे रस्ते लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी अशा चार दरवाजांकडे जातात. एका मुलीने खोक्याच्या पुठ्ठ्यावर नकाशा काढला. दुसरी हातात खोडरबर घेऊन चकवा झाली आणि मुलांनी पेन्सिलीने केलेली प्रत्येक खूण मन लावून पुसत राहिली. दोरा, खडू, मोबाइलवरचा नकाशा, काही चालेना. शेवटी कोपऱ्यातून आवाज आला, "चालणाऱ्यालाच चकवा लागतो ना? मग आपण बसू या की!" चकवा लागला तर उजाडेपर्यंत एका जागी बसून राहावे, असे जुनी माणसेही सांगत, पण या मुलाला ते कोणी सांगितलेले नव्हते. गोष्टीतली चार मुले मांडवीच्या कमानीखाली बसून सेवउसळ खाऊ लागतात आणि कंटाळलेला चकवा हळूच जवळ येऊन म्हणतो, "मला पण एक प्लेट, तरी कमी." मुले पोट धरधरून हसली. चकव्याचा नियम कोणीही मोडला नाही, म्हणून ते हसू एवढे खरे होते, असे माझे ठाम मत आहे. हवे तेव्हा हरणारे भूत मुलांना लगेच कळते आणि त्यांचा रस उडतो.

खरा वाद पेटला तो मुंज्यावरून. मुंज झाल्यावर आणि सोडमुंजीआधी वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, एवढे मी सांगितले. त्याला झाडावरून कसे पाडायचे यावर चर्चा रंगली असताना दहा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "ताई, मुंज आठव्या वर्षी करतात ना? मग तो माझ्यापेक्षा लहान आहे. लहान मुलाला आम्ही मारायचं कशाला? त्याची सोडमुंज राहिलीय, ती करून टाकू या."

इतकी वर्षे मुलांच्या गोष्टी ऐकते आहे, पण लढाईचा असा शेवट मला कधीच सुचला नसता. सोडमुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा 'माझी मुलगी देतो' असे सांगून त्याला अडवतो, हे ऐकताच मामा व्हायला झुंबड उडाली. एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने ती जागा पटकावली आणि अत्यंत गंभीरपणे सांगितले, "मला अजून मुलगी नाही. झाली की कळवतो."

त्या मुलीला मात्र हे पटेना. "शंभर वर्षं त्याला सगळ्यांनी झाडावरच थांबवून ठेवलंय. आता कोणीही थांबवायचं नाही. त्याला खरंच काशीला जाऊ दे." यावर मतदान झाले आणि मामा हरला. मुंज्याला वाराणसीच्या गाडीत बसवायचे ठरले. आता मरताना आठ वर्षांचा असलेल्या, पण शंभर वर्षे पिंपळावर काढलेल्या या प्रवाशाला अर्धे तिकीट लागेल की पूर्ण, हा प्रश्न उरला होता, आणि पालक न्यायला आले तरी त्यावरचे भांडण जिन्यात चालूच होते.